विमा-दलाल आणि आपण : व्यावसायिक संरक्षणाचा एक अभ्यास



रुग्ण आपल्यासमोर येऊन बसतो आणि पूर्ववृत्त सांगताना नेमकी महत्त्वाची गोष्ट गाळतो, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. मधुमेहाची गोळी बंद केल्याचे तो सांगत नाही, अन्य डॉक्टरांकडे जाऊन आल्याचे सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती गोष्ट उघड झाली की आपण मनातून चिडतो. आपल्या व्यवसायाचा विमा काढण्याची वेळ आली की मात्र आपणही याच रुग्णासारखे वागतो. घाईत असतो, अर्धवट माहिती देतो, जिथे दाखवतील तिथे सही करतो आणि 'हप्ता किती?' एवढा एकच प्रश्न विचारतो.

मंडळाच्या स्मरणिकेत यापूर्वी डॉक्टर आणि कायदा या विषयावर लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याला लागूनच, पण थोडा निराळा आहे. व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा, ज्याला आपण प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतो, तो योग्य रीतीने मिळवण्यासाठी विमा-दलालाची म्हणजे ब्रोकरची मदत कशी घ्यावी, एवढ्यापुरताच हा लेख मर्यादित आहे. लेखक कायद्याचा किंवा विमाशास्त्राचा तज्ज्ञ नाही. एका चुकीची किंमत मोजून जे शिकता आले, ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

एक स्वानुभव

२०११ च्या ऑगस्ट महिन्यात देवासच्या एका शिक्षिकेवर मी दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. पित्तनलिकेला इजा झाली. ही गुंतागुंत ग्रंथांत नमूद आहे आणि निष्णात हातांकडूनही ती घडते, हे खरे. परंतु तेवढ्याने रुग्णाचे दुःख कमी होत नाही. तिला मुंबईला पाठवावे लागले, तेथे दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांनी ती बरी झाली.

जानेवारी २०१२ मध्ये तिच्या यजमानांचे पत्र आले. शस्त्रक्रियेच्या नोंदी त्यांनी मागितल्या होत्या आणि मुंबईच्या खर्चाबाबत आपण काही विचार करावा, असे सौम्य शब्दांत लिहिले होते. कोर्टकचेरीचा उल्लेख नव्हता. नोंदींच्या प्रती मी स्वागतकक्षातून देवविल्या आणि पत्र खणात टाकले. उत्तर लिहिले नाही. लिहिण्याचा धीर झाला नाही, हे अधिक खरे.

मार्चमध्ये विमापत्राचे नूतनीकरण आले. ओळखीच्या विमा-प्रतिनिधीने दुसऱ्या कंपनीचे विमापत्र सुचवले, कारण त्याचा हप्ता कमी होता. बाह्यरुग्ण विभाग चालू असताना तो प्रस्तावपत्रक घेऊन आला. पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या, तेथे मी सह्या केल्या. 'ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल अशी कोणतीही घटना आपणास ज्ञात आहे काय?' या प्रश्नापुढे 'नाही' असे आधीच लिहिलेले होते.

डिसेंबरमध्ये तेव्हाच्या जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली. विमा कंपनीने सर्व पत्रव्यवहार मागवला. त्यात जानेवारीचे ते पत्र निघाले आणि कंपनीने दावा नाकारला. मी पुष्कळ संतापलो. परंतु कंपनीचे म्हणणे बरोबर होते. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, म्हणजे विमा घेणाऱ्याने ज्ञात असलेली महत्त्वाची वस्तुस्थिती स्वतःहून सांगावयाची असते. मी ती सांगितली नव्हती.

अखेर मंचासमोर साडेचार लाखांवर समझोता झाला. ती रक्कम तीन हप्त्यांत द्यावयास मला चौदा महिने लागले. जे पैसे विम्यातून एकरकमी मिळू शकले असते, त्यांसाठी एका शिक्षिकेच्या कुटुंबाला माझ्या सोयीने वाट पाहावी लागली. क्षतिपूर्ती विमा डॉक्टरांचे रक्षण करतोच. पण इजा झालेल्या रुग्णाला वेळेवर भरपाई मिळण्याचे साधनही तोच असतो, हे मला त्या चौदा महिन्यांत उमगले.

पुढे एका परवानाधारक विमा-दलालाकडे गेलो. त्यांनी दोन्ही विमापत्रे वाचावयास मागितली आणि दोन दिवसांनी जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. "डॉक्टरसाहेब, नव्या कंपनीला ते पत्र दाखवले असते, तरी हा दावा तिथे बसलाच नसता. ते पत्र जुन्या कंपनीला कळवायला हवे होते, जुने विमापत्र चालू असताना. तीन ओळी पुरल्या असत्या." या वाक्याचा अर्थ कळण्यासाठी या विम्याची रचना समजून घेतली पाहिजे. तत्पूर्वी कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू.

कायद्याची पार्श्वभूमी

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्याच्या व्याख्येत 'आरोग्यसेवा' हा शब्द नाही, म्हणून आपण सुटलो, असा एक समज आपल्या वर्गात पसरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो अमान्य केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तक्रारीसाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते. मात्र सबळ कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे.

भरपाईच्या रकमा कोठवर जाऊ शकतात, याचे उदाहरण म्हणजे कोलकात्याचे डॉ. कुणाल साहा यांचे प्रकरण. त्यांच्या पत्नीचा मृत्यू १९९८ मध्ये झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा भरपाईविषयीचा अंतिम निर्णय २४ ऑक्टोबर २०१३ रोजी लागला. सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि त्यावर व्याज अशी ती रक्कम होती. तिचा मोठा भाग रुग्णालयावर पडला, काही भाग डॉक्टरांवर. रकमेपेक्षाही घटना आणि निर्णय यांतील पंधरा वर्षांचे अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. आजच्या उपचाराचा हिशेब अनेक वर्षांनंतरही विचारला जाऊ शकतो.

फौजदारी बाजू निराळी आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची कसोटी घालून दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय प्रक्रिया करताना निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. क्षतिपूर्ती विमा दंड भरत नाही आणि शिक्षाही टाळत नाही. फौजदारी बचावाचा खर्च त्यात आहे की नाही, हे प्रत्येक विमापत्रात तपासूनच पाहावे लागते.

प्रतिनिधी आणि दलाल : मूलभूत भेद

'दलाल' या शब्दाला आपल्या बोलण्यात जरा हलका वास येतो; कायद्यात मात्र तो जबाबदारीचा आहे. विमा-प्रतिनिधी हा विमा कंपनीचा माणूस असतो. तो कितीही सज्जन व ओळखीचा असला, तरी तो कंपनीच्या वतीने विक्री करतो. कंपन्यांशी करार करून विमा विकणाऱ्या बँकाही याच वर्गात येतात. दलाल मात्र ग्राहकाचा माणूस असतो. आपली गरज समजून घेणे, निरनिराळ्या कंपन्यांकडून दरपत्रके मिळवणे, अटींची तुलना करून सल्ला देणे, दाव्याच्या वेळी कंपनीशी वाटाघाटी करणे आणि दाव्यांच्या नोंदी ठेवणे ही त्याची विहित कर्तव्ये आहेत. आपल्या देशात २००२ च्या विनियमांनी ही व्यवस्था प्रथम अस्तित्वात आली. पुढे २०१८ मध्ये नवे विनियम आले. परवाना भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण देते. या प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादला आहे.

दलालाचा मोबदला सामान्यतः विमा कंपनी हप्त्याच्या प्रमाणात देते. म्हणजे काम आपले आणि पैसे कंपनीचे, अशी ही स्थिती आहे. ती गैर नाही. पण ती जाणून असावे आणि मोबदल्याविषयी निःसंकोच विचारावे. त्यातला काही भाग आपणास परत देऊ करणारा भेटल्यास मात्र दूर राहावे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे जसे निषिद्ध आहे, तसे ती घेणेही.

दलाल निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. परवाना सर्वसाधारण विम्यासाठी आहे काय व त्याची मुदत चालू आहे काय? प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील यादीत नाव सापडते काय? डॉक्टरांचे दावे त्यांनी प्रत्यक्ष हाताळले आहेत काय? प्रकरण उद्भवल्यास इंदुरात कोण भेटेल, की फक्त दूरध्वनीवर आवाज ऐकू येईल? दलालांना स्वतःचा व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा घेणे बंधनकारक आहे, तोही विचारावा. निवड झाल्यावर त्यांना लेखी अधिकारपत्र द्यावे. एकाच वेळी तीन दलालांना बाजारात फिरवल्याने अधिक चांगला दर मिळतो, हा भ्रम आहे. एकच प्रस्ताव तीन ठिकाणांहून आला की कंपनी सावध होते आणि कोणताच दलाल मनापासून काम करीत नाही.

पहिली भेट : पूर्ववृत्त पूर्ण द्यावे

ही भेट बाह्यरुग्ण विभाग चालू असताना उरकू नये. तासभर निवांत काढावा. दलालाला पुढील माहिती द्यावी : आपली अर्हता व नोंदणी, प्रत्यक्षात करीत असलेल्या प्रक्रिया (केवळ पाटीवरच्या नव्हेत), वर्षाकाठी साधारण किती शस्त्रक्रिया होतात, किती रुग्णालयांत मानद किंवा अतिथी म्हणून जातो, स्वतःचे उपचर्यागृह असल्यास खाटा, परिचारिका, सहायक डॉक्टर व त्यांची अर्हता, दूरध्वनीवरून किंवा संगणकाच्या पडद्यावरून सल्ला देतो काय, आणि मागील सर्व विमापत्रांच्या प्रती.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते. आलेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक नाराजीचे पत्र, पोलिस ठाण्यातून आलेली विचारणा, फाइल घेऊन रागाने निघून गेलेला नातेवाईक, हे सर्व सांगावे. येथे आपला अभिमान आड येतो. दलाल आपणास वाईट डॉक्टर समजेल, अशी भीती वाटते. परंतु रुग्णाच्या लज्जेकडे आपण ज्या तटस्थतेने पाहतो, त्याच तटस्थतेने चांगला दलाल आपल्या चुकांकडे पाहतो. त्याला निदान करायचे असते, निवाडा नव्हे. माहिती दिल्याने हप्ता वाढेल किंवा एखादी घटना संरक्षणातून वगळली जाईल. पण बाकीचे संरक्षण तरी खरे राहील. प्रस्तावपत्रक स्वतः वाचून, स्वतः भरून मगच सही करावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

दरपत्रकांची तुलना : हप्त्यापलीकडचे प्रश्न

आता दलालांच्या त्या वाक्याकडे येऊ. आपला वाहनविमा अपघाताच्या दिवशी चालू असला की पुरतो. क्षतिपूर्ती विमा तसा नाही. येथे दावा ज्या काळात केला जातो, त्या काळातले विमापत्र लागू होते. आणि घटना मात्र विमापत्रात लिहिलेल्या एका विशिष्ट तारखेनंतरची असावी लागते. या तारखेला रेट्रोॲक्टिव्ह डेट म्हणतात. आपण तिला पूर्वलक्षी तारीख म्हणू. खंड न पडता नूतनीकरण होत राहिले, तर पहिल्या विमापत्राची तारीखच पुढे चालते आणि दर वर्षी मागच्या अधिक वर्षांच्या कामाला संरक्षण मिळत जाते. खंड पडला किंवा नव्या कंपनीने जुनी तारीख मान्य केली नाही, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते.

माझ्या नव्या विमापत्रावर ही तारीख मार्च २०१२ होती आणि शस्त्रक्रिया ऑगस्ट २०११ ची. कमी हप्त्याचे रहस्य तेथे होते. याउलट जुन्या विमापत्रात अशी तरतूद होती की, दावा संभवणारी घटना विमापत्र चालू असताना कंपनीला लेखी कळवली, तर पुढे केव्हाही दावा आला तरी तो त्याच विमापत्राखाली आला असे मानले जाईल. ते पत्र खणात न टाकता जानेवारीतच जुन्या कंपनीला कळवले असते, तर मी सुरक्षित राहिलो असतो. ही तरतूद माझ्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होती. मी ती कधी वाचली नव्हती.

म्हणून दरपत्रके हाती आल्यावर दलालाला हे प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला, पूर्वलक्षी तारीख कोणती? कंपनी बदलत असल्यास जुनी तारीख लेखी स्वरूपात कायम राहील काय?

दुसरा, मर्यादा कोणत्या? एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची एकूण मर्यादा या दोन निराळ्या असतात. एका घटनेस २५ लाख आणि प्रमाण १ : ४ असेल, तर वर्षाची एकूण मर्यादा एक कोटी होते, परंतु एकाच प्रकरणात एक कोटी मिळत नाहीत. 'एक कोटीचा विमा' हे शब्द ऐकून पुष्कळांची येथे फसगत होते.

तिसरा, वकिलाचा खर्च या मर्यादेच्या आत की बाहेर? तो सामान्यतः आत धरला जातो. म्हणजे प्रकरण लांबेल तशी भरपाईसाठी उरणारी रक्कम घटते.

चौथा, प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसावयाचा अनिवार्य भाग किती?

पाचवा, वगळलेल्या बाबी कोणत्या? सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, वजन घटवण्याचे उपचार, नशेच्या अमलाखाली केलेले काम, दंड व गुन्हेगारी कृत्ये अशा बाबी पुष्कळदा वगळलेल्या असतात. आपल्या विशेषज्ञतेवर यांतले काय परिणाम करते, ते पाहावे.

सहावा, माझ्या परिचारिकेच्या किंवा सहायकाच्या चुकीचे काय? डॉक्टरचे वैयक्तिक विमापत्र आणि उपचर्यागृहाचे विमापत्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तक्रारीत मात्र बहुधा दोघांनाही पक्षकार केले जाते. उपचर्यागृह स्वतःचे असल्यास दोन्हींचा विचार एकत्र करावा.

सातवा प्रश्न ज्येष्ठ व्यवसायबंधूंसाठी आहे : निवृत्त झाल्यावर काय? काम थांबवले तरी जुन्या कामावरील दावे थांबत नाहीत. विमापत्र बंद केल्यानंतर काही कंपन्या दावा कळवण्यास मर्यादित मुदत देतात. ती संपल्यावर छत्र राहत नाही. निवृत्तीपूर्वीच याविषयी दलालाशी बोलावे आणि आणखी काही वर्षे विमा चालू ठेवण्याचा खर्च हिशेबात धरावा.

दलालाने या सर्वांचे एक तुलनापत्रक करून द्यावे, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. केवळ हप्त्यांचे आकडे पाठवणारा दलाल हा टपालवाला होय. हप्ता वेळेवर आणि थेट विमा कंपनीच्या नावे भरावा. कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता पोहोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. विमापत्र हाती आल्यावर नाव, पूर्वलक्षी तारीख व मर्यादा त्याच दिवशी ताडून पाहाव्यात.

नोटीस आल्यावर

पहिला दूरध्वनी वकिलाला करा वा दलालाला, पण लेखी सूचना विमा कंपनीला त्याच दिवशी गेली पाहिजे. मूळ नोंदींत एका अक्षराचाही बदल करू नये. कंपनीच्या लेखी संमतीवाचून चूक कबूल करू नये किंवा रक्कम देऊ करू नये. तशी अट विमापत्रात असते. मात्र या अटीचा अर्थ मौन असा लावू नये. रुग्णाला भेटणे, वस्तुस्थिती समजावून सांगणे, नोंदी वेळेवर देणे आणि दुःखाबद्दल सहानुभूती व्यक्त करणे यांस कोणतेही विमापत्र मज्जाव करीत नाही. शेवटचा हप्ता घ्यायला आलेले शिक्षिकेचे यजमान मला म्हणाले होते, "राग ऑपरेशनचा नव्हता, डॉक्टरसाहेब. पत्राला उत्तर आलं नाही, त्याचा होता."

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. दलालाकरवी कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्यानंतर प्राधिकरणाच्या 'विमा भरोसा' या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. वैयक्तिक नात्याने घेतलेल्या विमापत्राबाबत विमा लोकपालाचा मार्गही आहे. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दलालाच्या सेवेतील त्रुटीही लोकपालासमोर मांडता येतात.

समारोप

दलाल हा चमत्कार करणारा नव्हे. न सांगितलेली गोष्ट त्याला कळत नाही आणि न घेतलेले संरक्षण तो दाव्याच्या दिवशी निर्माण करू शकत नाही. त्याचे मोल तो स्वस्त विमा आणतो यात नाही. आपण जे वाचत नाही ते तो आपल्या वतीने वाचतो आणि आपण जे विचारत नाही ते विचारतो, यात आहे. परंतु त्यासाठी त्याच्यासमोर आपण प्रामाणिक रुग्णासारखे बसले पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. ही स्मरणिका बाजूला ठेवल्यावर आपले विमापत्र काढून पूर्वलक्षी तारीख कोणती आहे ते पाहावे. आणि आपल्याही खणात एखादे अनुत्तरित पत्र पडले असेल, तर ते विमापत्राची मुदत संपण्यापूर्वी बाहेर काढावे. त्याची एक प्रत दलालामार्फत विमा कंपनीकडे पाठवावी आणि ज्याने ते लिहिले, त्याला स्वतः भेटून यावे.